तीन बिंदूंवर धावणारी नाव

टेबलावर पालथी घातलेली ही शर्यतीची, दूरनियंत्रणाने चालणारी छोटी नाव साधारण पाऊण मीटर लांबीची आहे. तिच्या पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे जे दोन फुगीर भाग दिसत आहेत, त्यांना स्पॉन्सन म्हणतात, आणि मागच्या टोकाला दोन पात्यांचा जो पंखा बसवला आहे तो तिचा तिसरा आधार. वेग घेतल्यावर हायड्रोप्लेन जातीची नाव पाणी कापत जात नाही. दोन स्पॉन्सनांचे मागचे काठ आणि पंख्याचा पाण्यात बुडालेला अर्धा भाग एवढ्या तीनच जागी तिचा पाण्याशी संबंध उरतो, आणि बाकीचा सगळा तळ हवेवर तोललेला राहतो. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो, तसेच काहीसे हे चालते, फक्त इथे टप्पे उमटू न देणे हे बांधणाऱ्याचे काम असते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल शहराला या नावांचे वेड लागले त्याला एक निश्चित कारण आहे. २६ जून १९५० रोजी तिथल्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन फोर’ या नावेने ताशी १६०.३२ मैलांचा, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरचा वेग गाठला आणि सर माल्कम कॅम्बेल यांचा १९३९ सालचा ताशी १४१.७४ मैलांचा जागतिक विक्रम मोडला. टेड जोन्स यांनी आराखडा केला होता, अँकर जेन्सन यांच्या कारखान्यात ती बांधली गेली होती आणि मालक स्टॅन्ली सेयर्स स्वतः ती चालवत होते. मागच्या बाजूचा सगळा भार अर्धवट बुडालेल्या पंख्यावर तोलण्याची जी रचना या नावेने यशस्वी करून दाखवली, तीच रचना या छोट्या नावेत जशीच्या तशी उतरली आहे. मूळ नाव आज सिॲटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयात पाहायला मिळते.

नाव अजून पालथीच आहे, कारण जुळवणीची सुरुवात तळापासून होते. आधी टेबल पाणसळीत आहे की नाही हे पाहिले जाते, आणि मग प्रत्येक स्पॉन्सनच्या धावत्या पृष्ठभागावर हा अंकीय कोनमापक ठेवला जातो. तळाच्या रेषेशी हा पृष्ठभाग सहसा दोन ते चार अंशांचा कोन करतो. तो नेमका किती असावा यावर अनुभवी मंडळींमध्येही मतभेद आढळतात, पण दोन्ही बाजूंचा कोन सारखा असला पाहिजे याबद्दल कोणाचेच दुमत नाही. एका बाजूला अर्ध्या अंशाचा जरी फरक राहिला, तरी नाव सरळ रेषेत एका कुशीवर कलते, आणि मग सुकाणूने कितीही सावरले तरी तो दोष झाकला जात नाही.

आता मागच्या टोकाकडे येऊ. पंख्याचा दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो तिला स्ट्रट म्हणतात, आणि ती दोन छोट्या स्क्रूंनी वर-खाली सरकवता येते. या दोन स्क्रूंवर जितका वेळ घालवावा तितका थोडा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्ट्रट खाली घेतला की नावेची पिछाडी उचलली जाते, नाक खाली येते, स्पॉन्सन पाण्याला अधिक चिकटतात आणि नाव स्थिर पण संथ होते. तोच स्ट्रट वर घेतला की पिछाडी बसते, नाक मोकळे होते आणि वेग वाढतो, पण त्याबरोबर तळाखाली शिरणारी हवाही वाढते. या दोन अवस्थांमधले अंतर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचे असते. म्हणूनच स्क्रू सैल करण्याआधी जुन्या जागेवर पेन्सिलीने ही बारीक रेघ ओढलेली तुम्हाला दिसते.

हा जो लालसर सोनेरी पंखा कॅमेऱ्यासमोर धरला आहे, तो बेरिलियम-तांब्याच्या मिश्रधातूचा आहे. ऑक्ट्युरा कंपनीच्या ‘एक्स ४४२’ या क्रमांकात सगळा हिशेब दडलेला असतो. शेवटचे दोन आकडे ४२ मिलिमीटर व्यास सांगतात आणि आधीचा चार हा आकडा सांगतो की एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः व्यासाच्या १.४ पट, म्हणजे सुमारे ५९ मिलिमीटर, पुढे सरकतो. पाकिटातून निघालेला हा पंखा ओबडधोबड ओतकामाचा असतो आणि तसाच बसवला तर तो नावेला थरथरवतो. पात्याची पुढची कड बारीक कानशीने कशी उतरवली जाते ते नीट पाहा. कानस फक्त पुढे ढकलताना टेकते आणि परतताना उचलली जाते. त्यानंतर वाटीतल्या पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर येतो. काम ओल्यानेच करायचे आणि तोंडावर मास्क ठेवायचा, कारण बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. मग चुंबकांवर अधांतरी तरंगणाऱ्या या काडीवर पंखा ओवला जातो. जड पाते आपोआप खाली येऊन थांबते, त्याच्या पाठीवरून दोन-चार हात फिरवले जातात, पंखा पुन्हा काडीवर चढतो. शेवटी तो जिथे सोडावा तिथेच स्थिर राहू लागला की समतोल साधला असे समजायचे. शेजारच्या मोटारीच्या खोक्याकडे कोणी पाहतही नाही, आणि वेगाची खरी किल्ली या कानशीत असल्यामुळे तेच योग्य आहे.

मोटारीचा हिशेब कागदावर लगेच मांडता येतो. नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशनच्या पी वर्गात लिथियम-पॉलिमर बॅटरीचे चार सेल चालतात. प्रत्येक सेलचे ३.७ प्रमाणे १४.८ व्होल्ट होतात, आणि व्होल्टमागे २००० फेरे देणारी ब्रशलेस मोटार बिनभाराने मिनिटाला २९,६०० फेरे घेते. त्याला ५९ मिलिमीटरने गुणले तर ताशी साधारण १०५ किलोमीटर येतात. प्रत्यक्षात पाण्यात घसर होते, भाराखाली व्होल्टेज पडते आणि वेग यापेक्षा बराच कमी भरतो. ही तफावत दिसली की नवखा माणूस मोठा पंखा किंवा जास्त फेऱ्यांची मोटार शोधू लागतो. त्याने विजेचा प्रवाह वाढतो आणि वेगनियंत्रक जळतो, एवढेच बहुधा घडते. नाव पाण्याला कुठे अडते आहे ते शोधून काढणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

बॅटऱ्या वेल्क्रोच्या पट्टीवर बसवल्या आहेत, कारण गुरुत्वमध्य पुढेमागे करण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे. दोन बोटांवर तोललेली नाव स्पॉन्सनांच्या मागच्या काठाच्या जरा मागे समतोल राहिली पाहिजे. बॅटऱ्या पुढे गेल्या तर वळणात नाक पाण्यात रुतते, मागे गेल्या तर सरळ पट्ट्यावर ते उचलले जाते.

उजव्या स्पॉन्सनला उभे जडवलेले हे वक्र पाते म्हणजे टर्न फिन. मोठ्या हायड्रोप्लेन घड्याळाच्या उलट दिशेने शर्यत धावतात, त्यामुळे त्यांचे पाते डावीकडे असते. छोट्या नावा घड्याळाच्या दिशेने धावतात, म्हणून रंगापासून अक्षरांपर्यंत सगळे मोठ्या नावेबरहुकूम केले तरी हे पाते मात्र बाजू बदलते. त्याचे खालचे टोक किंचित आत, नावेच्या मध्याकडे झुकलेले असेल तर वळताना उजवा स्पॉन्सन पाण्यात दाबून धरला जातो. तेच टोक बाहेर झुकले तर स्पॉन्सन उचलला जातो आणि नाव उलटते. गुण्या लावून हा झुकाव तपासला जातो.

मोटारीचे फेरे पंख्यापर्यंत नेणाऱ्या लवचीक दांड्याला ग्रीस लावले जाते. भार आला की तो दांडा किंचित आखडतो, म्हणून पंख्याच्या पुढचा डॉग, म्हणजे दांड्याबरोबर पंखा फिरवणारा छोटा तुकडा, आणि स्ट्रट यांच्यात तीन-चार मिलिमीटरची फट ठेवली जाते. पोटात फोम भरला जातो आणि झाकणाच्या चारही कडा पारदर्शक टेपने बंद होतात.

आता धक्का आणि तळे. एक फेरी मैलाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे २६८ मीटर. पहिल्या फेरीत नावेची बाजू पाहा: कुशीतल्या भोकातून पाण्याची बारीक धार अखंड पडते आहे, म्हणजे मागून घेतलेले पाणी वेगनियंत्रक आणि मोटार थंड करून बाहेर येते आहे. पंख्यामागचा पाण्याचा तुरा लांब आणि आडवा असावा. तो उंच आणि आखूड दिसला तर पंखा खोल गेला आहे असे समजून नाव परत बोलावली जाते, स्ट्रट अर्धा मिलिमीटर वर जातो, आणि दुसरे काहीही न बदलता नाव पुन्हा पाण्यात सोडली जाते. एका वेळी एकच बदल, हा नियम इथे कोणी मोडत नाही.

हवेत उचलली जाऊन पाठीवर पडलेली ही दुसरी नाव त्याच दुपारची आहे. तिचा एक स्पॉन्सन फाटला आणि तिची शर्यत तिथेच संपली.

शर्यतीची सुरुवात धावत्या नावांनी होते. घड्याळ शून्यावर येईल त्या क्षणी पूर्ण वेगात रेषा ओलांडायची असते, आणि लवकर ओलांडणाऱ्याला दंड होतो. आपली नाव आतल्या बोयाला धरून वळते आहे, आणि तिचा उजवा स्पॉन्सन पूर्ण वळणभर पाण्यावरून सुटत नाही.

धक्क्यावर परतताच टेप काढला जातो, तापमापक मोटारीवर धरला जातो, आणि साठ अंश सेल्सिअसच्या आतला आकडा वहीत उतरतो. त्याच ओळीत प्रत्येक सेलचे उरलेले व्होल्टेज, पंख्याचा क्रमांक आणि स्ट्रटची उंची लिहिली जाते. तळ्यावर वारा वाढू लागला आहे, म्हणून पुढच्या शर्यतीसाठी पंखा तोच राहील, बॅटऱ्या तिथेच राहतील आणि स्ट्रट पुन्हा अर्धा मिलिमीटर खाली येईल.