म्हातारीनं दाबत आणलेला बल्ब

(आमच्या वाचनालयात पावसाळ्याआधी झालेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरनं उतरवून थोडं नीट केलेलं)

नमस्कार मंडळी. बोर्डावर लिहिलंय 'जुन्या ओबीएमचा फ्युएल पंप बदलणे', ओबीएम म्हणजे बोटीच्या मागं लावायची मोटर, आणि अध्यक्षांनी अर्धा तास दिलाय. पंप बदलायला तेवढा वेळ पुरतो, पण तो का बदलायचा हे आधी डोक्यात बसायला पाहिजे, म्हणून सुरुवात तिथनं करतो.

पूर म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. कल्लोळ-येडूरचा पूल पाण्याखाली गेला की आपण जनावरांची दावी सोडायला लागतो. कोयनेतनं किती क्युसेक सोडलं, आलमट्टीत किती टीएमसी साठलं हे आपल्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतंय. २००५ बघितलं, २०१९ बघितलं, २०२१ बघितलं. पूर्वी गुऱ्हाळातली काहील काढायची, तिच्यात माणसं बसवायची आणि पोहणारे चौघं धरून ढकलत न्यायचे. इथं बसलेल्या दोघातिघांना मी स्वतः काहिलीतनं उतरताना बघितलंय, मामा हसायला लागले बघा. आता बोटी आल्या, बोटीच्या मागं मोटरी आल्या. पण बहुतेक मोटरी जुन्या, टू-स्ट्रोक, वर्षातले अकरा महिने ताडपत्रीखाली पडून असणाऱ्या.

आता २०१९ चं सांगतो. ऑगस्टचा पहिला आठवडा, आश्लेषा लागलेली, दूधगंगा वेदगंगा दोन्ही फुगलेल्या आणि कृष्णा त्यांना आत घेईना. मळ्यातल्या एका वस्तीवर बाळंतीण अडकली होती, बाळ नऊ दिवसांचं. बोट होती, मोटर होती, चालवायला नदीवरचा जुना माणूस होता आणि मोटर बघायला मी. जाताना झकास गेलो. येताना बोटीत बाळंतीण, बाळ, तिची सासू, दोन शेरडं आणि आम्ही दोघं. उसाचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते, लाईटच्या खांबाची वरची आडवी पट्टी तेवढी पाण्यावर होती, आणि बरोबर तिथं, जिथं ओढ्याचं पाणी मोठ्या धारेला मिळतं तिथं, मोटरनं दोन उचक्या दिल्या आणि बंद.

दोरी ओढली, चालू झाली, मिनिटभर पळाली, परत बंद. प्लग काढला, पुसला, परत घातला. चालू, बंद. नाववाल्यानं बाभळीचा शेंडा धरून बोट थांबवलेली, त्याच्या हातातनं रक्त येतंय, आणि मी प्लगच पुसत बसलोय. मग माझ्या ध्यानात आलं, प्रत्येक वेळी दोरी ओढायच्या आधी मी टाकीच्या नळीवरचा, हातानं पेट्रोल पुढं ढकलायचा तो रबरी बल्ब दाबतोय, आणि तेवढ्या पेट्रोलवर मोटर पळतीय. म्हणजे ठिणगी चांगली आहे, कार्बुरेटर चांगला आहे, टाकीत पेट्रोल आहे, पण ते ओढून घेणारा पंपच मेलाय.

सासूच्या पायाजवळ टाकी होती. म्हटलं, आजी, हा बल्ब दाबत ऱ्हावा, थांबू नका. ती म्हणाली, "कसा दाबू रं लेकरा, म्हशीची धार काढताव तसा?" म्हटलं, अगदी तसाच. आणि त्या बाईनं, डोक्यावर पाऊस, मांडीला शेरडू टेकलेलं, एकदा उजव्या हातानं एकदा डाव्या हातानं, पाऊण तास तो बल्ब दाबला. ताल चुकला नाही. मोटर एकदाही बंद पडली नाही. काठावर आल्यावर तिची बोटं सरळ होईनात, सुनेनं चोळून चोळून सरळ केली.

दुसऱ्या दिवशी पंप उघडला. आतला डायफ्राम, म्हणजे पातळ रबरी कापड असतंय, ते वाळलेल्या फणसपोळीसारखं कडक झालेलं. ही मोटर पुराच्या तीन महिने आधी सर्व्हिसिंगला जाऊन आली होती. नवा प्लग, वरनं रंग, आणि बिलात 'संपूर्ण सर्व्हिसिंग'. कुणी केलं त्यांचं नाव मी घेत नाही, पण माझा राग अजून गेलेला नाही. रंग दिसतोय म्हणून रंग मारला, पंप दिसत नाही म्हणून उघडला नाही. नऊ दिवसांचं बाळ होतं हो बोटीत.

बरं, तो डायफ्राम करतो काय? लोहाराचा भाता आठवा. कातडं वर गेलं की हवा आत, खाली आलं की बाहेर, आणि हवा उलटी जाऊ नये म्हणून भोकावर झडप. पंप तोच. फक्त भाता हलवायला इथं माणूस नाही, इंजिनच हलवतंय. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की त्याच्या खालच्या बंद पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढ तयार होती, खाली आला की दाब. एका बारीक भोकातनं ती धडधड डायफ्रामच्या एका बाजूला पोचते, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. दोन झडपा, एक आत घ्यायची, एक बाहेर सोडायची, विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हसारख्या. वायर नाही, पट्टा नाही. म्हणून डायफ्राम कडक झाला की धडधड पोचते पण कापड हलत नाही. आणि फाटला तर उलटंच, पेट्रोल त्या भोकातनं थेट क्रँककेसमध्ये ओढलं जातं, प्लग ओला, धूर, आणि माणूस म्हणतो प्लग खराब. फार जुन्या, १९५० च्या आसपासच्या कितीतरी मोटरींना पंपच नव्हता, टाकीत दाब भरून पेट्रोल ढकलायचे, नळ्या दोन असायच्या. ते राहू दे, वेळ जातोय.

एक मात्र सांगणारच, कारण ते आपल्या उसाशी लागतंय. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सुरू केलं, त्याआधी १० टक्के होतंच. इथेनॉल उसातनं होतं, आपल्याच कारखान्यांतनं जातं, उसाला भाव मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या मोटरीतलं रबर त्या पेट्रोलसाठी केलेलं नव्हतं. ते फुगतं, मग वाळतं, कडक होतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, म्हणजे बरोबर तिथं जिथं ओढायची नळी असती. म्हणून गेल्या वर्षीचं पेट्रोल मोटरीला घालू नका. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, त्यामुळं पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. पंप निम्मा मेला असताना ताणून पळवलीत तर पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो. मग ती मोटर भंगारात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, पटापट.

आधी खात्री करा की पंपच गेलाय. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना बघा. तो बंद असला की चालताना बल्ब चपटा होतो, मग दोष पंपाचा नाही. नळी, तिचं कनेक्टर, फिल्टर बघा. बल्ब दाबला की पळते आणि सोडला की मरते, तर बहुतेक पंप, नाहीतर नळी कुठंतरी हवा ओढतीय, आणि जुनी नळी असली तर तीही बदलाच.

मग टाकीची नळी काढा, जवळ बिडी नको, प्लगची वायर काढून ठेवा. मोबाईलवर फोटो काढा, कुठली नळी कुठं होती त्याचा. पंप इंजिनला स्क्रूंवर बसलेला असतो, हळू सोडा, जुने स्क्रू मोडतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑईल मारून ठेवा. जुनं गॅस्केट, म्हणजे सांध्यातला पातळ थर, नखानं नाहीतर लाकडी पट्टीनं खरवडा, स्क्रू ड्रायव्हर घातला की ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तिथनं हवा लागते. ते धडधडीचं बारीक भोक मोकळं आहे का बघा. आणि हात जोडून सांगतो, गॅस्केटला सिलिकॉन फासू नका. भोक बुजतं आणि नवा पंप पहिल्या दिवशीच मेलेला. पूर्ण पंप मिळाला तर पूर्ण बसवा, नाहीतर आतल्या डायफ्राम-गॅस्केटचं किट आणा, पण आपल्या मोटरीच्या मॉडेल नंबरचंच. किट असेल तर झडपा, गॅस्केट, डायफ्राम कुठल्या क्रमानं निघाले तो क्रम मांडून ठेवा, त्याच क्रमानं घाला. स्क्रू आमनेसामनेचे, थोडे थोडे आवळा, एकच बाजू आधी पिळू नका. नळ्यांना नव्या क्लिपा.

बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. एक थेंब दिसला तरी परत उघडा. मग पाण्याच्या ड्रममध्ये मोटरीचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, बुडवून चालू करा. कोरडी चालवली तर खाली मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. मागनं पाण्याची धार येतीय का बघा, आणि बल्बला हात न लावता पंधरा मिनिटं पळू द्या, शेवटची दोन-तीन थोडी रेस देऊन.

हे सगळं मृगाच्या आत. बियाणं काढता तेव्हाच किट मागवून ठेवा, पूर आल्यावर ते मिळत नाही.

हा बघा, त्याच मोटरीतला जुना डायफ्राम, मी जपून ठेवलाय. हातोहात पाठवतो, प्रत्येकानं वाकवून बघा, आणि शेजारी हा नवा, तोही वाकवा. बाहेर अंगणात ड्रम भरून ठेवलाय, मोटर लावलीय, पंप अर्धा उघडाच ठेवलाय. चहा झाला की या. बाकीचा तुम्हीच बसवायचा, दोरी तुम्हीच ओढायची. मावशी, तुम्ही पण या, पहिला बल्ब तुम्ही दाबा.