हीट पंप बसवलाय ना, मग हक्काचे पैसे मागा

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत सगळे आलात, बरं वाटलं. आपण मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी गेल्या दोन-तीन वर्षांत ऑइलची भट्टी काढून हीट पंप, म्हणजे विजेवर घर गरम करणारं यंत्र, बसवला, आणि डिसेंबरपासून मला जो भेटतो तो एकच वाक्य बोलतो, "अगं ते हीट पंपाचं टॅक्स क्रेडिट तर बंद झालं ना." अर्धं खरं आहे ते. पण या अर्ध्या खऱ्यापायी लोक स्वतःचे दोन-दोन हजार डॉलर सोडून द्यायला निघालेत, आणि ते मला बघवत नाही, म्हणून आजचं हे बोलणं.

बंद काय झालं ते आधी सांगते. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये घरगुती हीट पंपासाठी फेडरल टॅक्स क्रेडिट होतं, म्हणजे केंद्र सरकारच्या टॅक्समधून थेट वजा होणारी सूट, कलम २५सी, खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २००० डॉलर. ते २०३२ पर्यंत चालणार होतं. ४ जुलै २०२५ ला नवा कायदा सही झाला आणि मुदत एकदम ३१ डिसेंबर २०२५ वर आली. म्हणजे जानेवारी २०२६ पासून बसवलेल्या पंपाला फेडरल क्रेडिट नाही, बरोबर. पण ज्याचा पंप २०२५ मध्ये बसून चालू झाला त्याचं क्रेडिट कुठेही गेलेलं नाही, ते २०२५ च्या टॅक्स रिटर्नमध्ये मागायचंय. आणि २०२३ किंवा २०२४ मध्ये बसवला आणि तेव्हा मागायचं राहून गेलं, तर त्याचाही रस्ता आहे, तो नंतर सांगते.

पंपाचं तंत्र फार खोलात सांगत बसत नाही. फ्रिजच्या मागे हात लावला की गरम लागतं ना, आतली उष्णता उचलून बाहेर टाकलेली असते, तसाच हा पंप हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात टाकतो. उष्णता तयार करायची नसते, नुसती हलवायची असते, म्हणून एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता मिळते. आणि थंड हवेसाठी बनवलेले पंप शून्याखाली १५ सेल्सिअसलाही काम करतात, त्यामुळे "इथे चालणार नाही" ही भीती आता सोडायला हवी.

आता पैशांचा हिशोब, आणि इथे मला जरा वेळ घालवायचाय कारण सगळा गोंधळ इथेच होतो. रिबेट आणि क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिबेट, म्हणजे खर्चातले काही पैसे परत, तुम्हाला वीज कंपन्यांच्या कार्यक्रमातून मिळतं, आपल्याकडे मास सेव्ह, २०२५ मध्ये पूर्ण घरासाठी ते १०,००० डॉलरपर्यंत होतं. क्रेडिट टॅक्समधून मिळतं. लोक काय करतात, समजा काम १४,००० चं झालं तर १४,००० चे ३० टक्के म्हणजे ४२०० होतात, म्हणून कमाल मर्यादेचे २००० थेट टाकून मोकळे होतात. तसं नाही चालत. वीज कंपनीचं रिबेट खर्चातून आधी वजा करायचं. १४,००० मधून १०,००० गेले, राहिले ४०००, त्याचे ३० टक्के म्हणजे १२००. तुमचं क्रेडिट १२००. तेच काम १८,००० चं असेल तर वजाबाकीनंतर ८००० राहतात, ३० टक्के २४०० होतात, पण मर्यादा २००० ची, म्हणून २०००. रिबेटचा चेक अजून हातात आला नसेल, नंतर येणार असेल, तरी तो या खर्चाचाच आहे, तो धरूनच हिशोब करा, नाहीतर नंतर रिटर्न दुरुस्त करत बसावं लागेल.

हे २००० याच क्रेडिटमधल्या इन्सुलेशन-खिडक्यांच्या १२०० च्या मर्यादेपेक्षा वेगळे आहेत हेही लक्षात ठेवा. एकाच वर्षात माळ्यावर इन्सुलेशन घातलं आणि पंपही बसवला तर दोन्ही मिळून ३२०० पर्यंत जाता येतं. पंपासाठी इलेक्ट्रिक पॅनल वाढवून २०० अँपचं केलं असेल तर त्याचेही ६०० पर्यंत आहेत, ते त्या १२०० च्या डब्यात मोजायचे. पॅनलचं बिल इलेक्ट्रिशियनचं वेगळं असतं, फाइलमध्ये दुसरीकडे पडलेलं असतं, आणि ते कुणी शोधतच नाही. शोधा.

आता तारीख. सगळ्यात जास्त फोन मला याच प्रश्नावर येतात. नोव्हेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्ट सही केलं, डिपॉझिट दिलं, डिसेंबरमध्ये बाहेरचं युनिट येऊन अंगणात बसलं, आणि घरातली युनिटं जोडून पंप चालू झाला ९ जानेवारीला. क्रेडिट मिळेल का? नाही. पैसे कधी दिले याला इथे किंमत नाही, काम पूर्ण होऊन पंप वापरात कधी आला ती तारीख धरतात. मला मनापासून वाईट वाटतं अशा लोकांसाठी, कारण त्यांनी वेळेत ठरवलं होतं, कॉन्ट्रॅक्टरांकडे वर्षाअखेरीला रांग लागली होती. पण इन्व्हॉइसवर मागची तारीख टाकून घ्या असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, पर्मिट आणि इन्स्पेक्शनच्या तारखा टाउन हॉलमध्ये असतात.

कागद कुठले लागतात ते एकदा नीट ऐका. फॉर्म ५६९५, त्याचा दुसरा भाग, तिथे हे भरायचं. २०२५ च्या कामासाठी एक नवीन गोष्ट आलीये, उत्पादक कंपनीचा चार अक्षरी कोड तिथे टाकावा लागतो. हा कोड कॉन्ट्रॅक्टरला माहीत असेलच असं नाही, कंपनीच्या साइटवर मिळतो. कोड टाकला नाही तर क्रेडिट अडकतं. मग इन्व्हॉइस, ज्यावर घराचा पत्ता, मॉडेल नंबर, बसवल्याची तारीख आणि लेबर वेगळं दाखवलेलं असेल तर फारच छान, पंपाच्या बाबतीत लेबरही धरता येतं. आणि एएचआरआय सर्टिफिकेट, म्हणजे पंपाच्या जोडीची एफिशियन्सी दाखवणारं प्रमाणपत्र. हे का महत्त्वाचं सांगते, पंप म्हणजे बाहेरचं आणि आतलं युनिट अशी जोडी असते, एफिशियन्सी जोडीची मोजतात, आणि सगळ्या जोड्या क्रेडिटला पात्र नसतात. बाहेरचं तेच मशीन एका आतल्या युनिटबरोबर पात्र ठरतं आणि दुसऱ्याबरोबर ठरत नाही. सेल्समन "हो हो, सगळे क्वालिफाय होतात" म्हणाला म्हणून होत नाही, जोडीचा नंबर तपासायचा. हे कागद रिटर्नला जोडून पाठवायचे नसतात, घरी जपून ठेवायचे.

मागे बसलेल्या काकूंनी मगाशी विचारलं, की आम्हाला तर दरवर्षी रिफंड येतो, म्हणजे आम्हाला टॅक्स लागत नाही, मग क्रेडिट कशातून मिळणार. काकू, रिफंड येतो म्हणजे टॅक्स लागत नाही असं नाहीये. पगारातून वर्षभर जास्त कापलं गेलं ते परत येतं, एवढंच. बघायचं असतं वर्षाचा एकूण टॅक्स किती लागला. तो ९००० असेल आणि कापलेले ११,००० असतील तर रिफंड २००० चा, आणि क्रेडिट २००० चं असेल तर टॅक्स ७००० होतो आणि रिफंड ४०००. हां, पण ज्यांचा एकूण टॅक्सच ६०० आहे, म्हणजे रिटायर झालेले, सोशल सिक्युरिटीवर असलेले आपले काका-काकू, त्यांना ६०० च मिळतात, उरलेले पुढच्या वर्षी नेता येत नाहीत. हा या क्रेडिटचा मोठा दोष होता असं माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना गरज जास्त त्यांना कमी मिळालं. जमिनीत पाइप घालून करतात त्या जिओथर्मलच्या क्रेडिटला वरची मर्यादा नव्हती, आणि उरलेलं पुढच्या वर्षी नेता येतं, पण तेही २०२५ अखेर संपलं.

आता राहून गेलेल्यांसाठी. २०२३ मध्ये पंप बसवला, रिटर्नमध्ये टाकलाच नाही, कारण टॅक्स करणाऱ्याने विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. फॉर्म १०४०-एक्स भरून जुना रिटर्न दुरुस्त करता येतो, मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत. म्हणजे २०२३ च्या रिटर्नसाठी एप्रिल २०२७ च्या मध्यापर्यंत वेळ आहे. तेव्हा तो चार अक्षरी कोड लागत नव्हता, उलट सोपं आहे. ज्यांनी २०२३ ला खालचा मजला आणि २०२४ ला वरचा मजला असं केलं त्यांना दोन्ही वर्षांचे वेगवेगळे मिळतात. कृपा करून आज घरी जाऊन फाइल उघडा.

जे यंदा बसवणार आहेत त्यांनी निराश होऊ नका, फेडरल क्रेडिट गेलं तरी राज्यातली मदत आहे. मास सेव्हची घराची तपासणी फुकट असते, तिथूनच सुरुवात करा, आधी पंप आणि मग तपासणी असं उलटं करू नका. घर आधी बंदिस्त करायला सांगतात, इन्सुलेशन, फटी बुजवणं, ते करून घ्या, कारण त्यामुळे पंपही लहान लागतो. कॉन्ट्रॅक्टर त्यांच्या नेटवर्कमधला आणि पंप त्यांच्या यादीतला पाहिजे. रकमा आणि नियम दर वर्षी बदलतात, म्हणून यंदाचा आकडा लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. उत्पन्न कमी असेल तर रिबेट बरंच मोठं मिळतं, काही घरांना तर पूर्ण फुकट, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तुमच्याच वीजबिलातून त्या कार्यक्रमासाठी पैसे जात असतात. श्रुजबरी, लिटलटन, कॉन्कर्ड अशा गावांत वीज टाउनची आहे, तिथल्या लोकांनी आधी टाउनच्या वीज खात्याला विचारायचं, त्यांचे कार्यक्रम वेगळे असतात. दुसऱ्या राज्यांत भाऊ-बहीण असतील तर त्यांना सांगा की उत्पन्नावर आधारलेलं फेडरल पैशाचं रिबेटही आहे, पंपासाठी ८००० पर्यंत, पण ते राज्य सरकारांमार्फत मिळतं, त्यामुळे आपल्या राज्यात चालू आहे का ते बघावं लागतं.

आणि एक, पंप बसवून झाला की हिवाळ्याचं बिल बघा. एव्हरसोर्स आणि नॅशनल ग्रिड या वीज कंपन्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल हीट पंपवाल्यांसाठी स्वस्त दर चालू केलाय. ज्यांनी पूर्वी रिबेट घेतलंय त्यांना तो आपोआप लागायला हवा, पण बिलावर खरंच लागलाय का ते तपासा, नसेल तर फोन करून लावून घ्या.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, भाड्याने दिलेल्या घरात बसवला तर? जिथे तुम्ही स्वतः राहत नाही त्या घराचं हे क्रेडिट घरमालकाला नाही. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने बसवला तर त्याला मिळू शकतं. व्हिसा एच-१ बी आहे म्हणून अडत नाही, घर अमेरिकेत असलं पाहिजे, म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमधला एसी यात नाही बसत.

ज्यांच्या फोनमध्ये इन्व्हॉइसचा फोटो आहे त्यांनी आत्ताच उघडून ठेवा, चहा येईपर्यंत इथे पुढच्या टेबलावर या, जोडीचा नंबर आणि तारीख एकेकाची बघून घेऊ.