वहीत उतरलेला शब्द

शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' नाटक. डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या किल्ल्याचा तट. मध्यरात्र उलटून गेली आहे. चिलखत घातलेलं एक भूत आपल्या मुलाला बाजूला घेऊन सांगतंय: बागेत दुपारचा झोपलो होतो. साप चावला, असं लोकांना सांगितलं गेलं. खरं म्हणजे माझ्याच भावाने माझ्या कानात विष ओतलं. आज मुकुट त्याच्या डोक्यावर आहे आणि तुझी आई त्याची राणी आहे. सूड घे.

हॅम्लेट तेव्हाच तयार होतो. खुनाचं नाव निघताच म्हणतो, लवकर सांगा, चिंतनाच्या वेगाने झेप घेतो. उपमा तर बघा! सुडाला निघालेल्या माणसाला वेग म्हटल्यावर आठवलं काय, तर चिंतन.

शेक्सपिअरच्या आधी याच कथेवरचं एक नाटक लंडनमध्ये होत असे. ते आता हरवलंय. पण त्यातल्या भुताची थॉमस लॉज या लेखकाने १५९६ साली टर उडवली होती, ती टिकून आहे. कालवं विकणाऱ्या बाईसारखं ते भूत केकाटायचं, "हॅम्लेट, सूड!"

शेक्सपिअरचं भूतही सूड मागतं, पण जाता जाता त्याच्या तोंडी वेगळेच शब्द येतात. पहाट जवळ आलीय, काजव्याचा उजेड फिका पडू लागलाय. भूत निरोप घेतं: "माझी आठवण ठेव."

भूत दिसेनासं होतं आणि हॅम्लेटला टिपणवही आठवते.

त्या काळी इंग्लंडमध्ये खिशात मावतील अशा वह्या मिळत. पानांवर लेप चढवलेला असे. धातूच्या टोकाने लिहायचं, ओल्या बोळ्याने पुसायचं, की पान पुन्हा कोरं. हॅम्लेट आधी म्हणतो, आठवणींच्या पाटीवरचं सगळं पुसून टाकतो, तुमची आज्ञा तेवढी ठेवतो. मग वहीत टिपतो काय? माणूस हसत हसत हरामखोर असू शकतो, निदान डेन्मार्कमध्ये तरी! काकाबद्दल एवढं लिहून झाल्यावर स्वतःसाठी ब्रीद निवडतो: माझी आठवण ठेव. "मी शपथ घेतली," असंही म्हणतो. पण त्या ब्रीदात 'सूड' हा शब्दच नाही. मला तरी सगळं नाटक इथेच दिसतं.

हॅम्लेटचा मित्र होरेशिओ आणि पहारेकरी मार्सेलस येतात. तलवारीवर हात ठेवून शपथा होतात, पण त्या गप्प राहण्याच्या. रंगमंचाच्या खालून भूत बजावतं, "शपथ घ्या!" आणि हॅम्लेट त्याला चक्क म्हातारा चिचुंदर म्हणतो. बाप मेल्याचं दुःख आहे, आणि तरी ही थट्टा! शेवटी मात्र त्याचा आवाज खाली येतो. काळाचा सांधाच निखळलाय, आणि तो बसवायला नेमका माझा जन्म व्हावा!

पुढे काका एकटा गुडघे टेकून प्रार्थना करताना सापडतो. हॅम्लेट तलवार उपसतो, विचार करतो, म्यान करतो. प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल म्हणे.

सूड पुरा होतो तो अगदी शेवटच्या प्रवेशात. काकाने विष कालवलेला प्याला आई पिऊन बसलेली असते. विषारी तलवारीची जखम हॅम्लेटच्याही अंगात भिनत असते. तो काकाला भोसकतो, उरलेलं विष त्याच्या तोंडात ओततो आणि म्हणतो, "जा माझ्या आईच्या मागे."

त्या क्षणी बापाचं नाव त्याच्या तोंडी येत नाही.