कार्ड खिशात आहे, यादीत नाव आहे का?

श्रोतेहो, नमस्कार. मतदानाच्या दिवशी बूथवरून मत न देताच परत फिरणाऱ्या पुष्कळांच्या हातात मतदार कार्ड असतं. कार्ड असलं म्हणजे मत आहेच, असं आपल्याकडे पक्कं समजतात. तसं नाही. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. उलट कार्ड हरवलं पण यादीत नाव आहे, तर लोकसभा-विधानसभेला आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यांपैकी एक दाखवलं तरी चालतं. निवडणुकीआधी घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. ती एकटी घेऊन जाऊ नका.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. विधानसभेची यादीच फोडून प्रभागाप्रमाणे लावतात. म्हणजे तिथे नाव नसेल, तर सरपंच निवडतानाही तुम्हाला विचारणारं कुणी नाही.

आता नाव कटतं कधी? बहुतेकदा तुम्ही गावात नसताना. कुणी मिरची तोडायला तेलंगणात गेलेलं असतं, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, त्याच दिवसांत घरोघरी फिरतात. दाराला कुलूप असतं. शेजारी सांगतो, 'ते गेले.' कुठे गेले, किती दिवसांसाठी गेले, हे कागदावर येतच नाही. येतं फक्त 'स्थलांतरित'. नाव काढण्यासाठी नमुना ७ भरला गेला, तर नोटीस त्याच कुलूप लावलेल्या घरी जाते. कायदा यात मजुराच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०, कलम २० सांगतं की काही काळ बाहेर गेल्याने माणूस आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. म्हणून कामाला निघण्याआधी बीएलओला गाठा. गावात हे काम बहुधा गुरुजींकडे किंवा अंगणवाडीच्या ताईंकडे असतं. त्यांना आपला मोबाईल नंबर द्या आणि परत कधी येणार ते सांगा. अख्खा तांडा किंवा पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, एकाच वेळी बाहेर पडत असेल, तर सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा. तो बीएलओकडे आणि तहसील कार्यालयात फुकट मिळतो. मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपमधूनही भरता येतो. सोबत एक पासपोर्ट फोटो, मागची बाजू पांढरी असलेला. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, आधार किंवा दहावीचं प्रमाणपत्र. पत्त्यासाठी आधार, पासबुक किंवा वीजबिल. आधार नसेल तर नमुन्यात तसं लिहायला वेगळी जागा आहे. आधार नाही म्हणून अर्ज परत करता येत नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती पत्त्याच्या कागदावर. पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीत, घर गावठाणात नसतं, मग घरटॅक्सची पावती कुठून आणायची? कोलाम पोडावर वीज आहे, पण मीटर दुसऱ्याच्या नावावर. अशा वेळी 'कागद आणा, मग या' एवढं ऐकून परत येऊ नका. नमुना ६ मध्येच छापलेलं आहे की पत्त्याचा एकही कागद नसेल, तर जागेवर जाऊन पडताळणी करायची. बेघर माणसाबाबत तर आयोगाचीच सूचना आहे: अर्जात जी झोपण्याची जागा लिहिली आहे, तिथे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं, आणि तेही एकापेक्षा जास्त रात्री. पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर, बसस्टँडमागे, कुठेही असो. मात्र लिहिलेल्या जागी त्या रात्री माणूस सापडला पाहिजे.

नमुन्यात एका नातेवाइकाचं नाव लागतं. ते नवऱ्याचंच हवं असं नाही. नवऱ्याने सोडलेल्या किंवा विधवा बाईने आईचं नाव लिहिलं तरी बरोबर. तृतीयपंथी व्यक्तीने गुरूचं नाव द्यावं. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. 'सुमन' आणि 'सुमनबाई' यांत पुढे कटकट होते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. खालची पोच फाडून घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला होता हे दाखवायचं कशाने?

लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल, तर नमुना ६ भरू नका. नमुना ८ भरा. त्याने नाव इकडे येतं आणि तिकडून निघतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नावातली चूक, हरवलेलं कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद, हे सगळं नमुना ८ मध्येच.

वय मोजायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. निवडणूक लागल्यावर पळापळ करण्यात अर्थ नाही. अर्जावर हरकतीसाठी सात दिवस जातात, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की नवीन नाव चढतच नाही. यादी पाहायची तर पेरणी झाली की पाहा. १९५० या क्रमांकावर फोन करून विचारलं तरी नाव आहे का ते कळतं.

आता मतदानाचा दिवस. सुट्टी भरपगारी आहे, रोजंदारीच्या माणसालाही. मुकादम मजुरी कापत असेल तर ते कायद्याविरुद्ध आहे. गडचिरोलीच्या काही भागात मतदान दुपारी ३ वाजताच संपतं, तेव्हा आपल्या केंद्राची वेळ आधी विचारून घ्या. दिसत नसेल किंवा शरीराने अधू असाल, तर १८ वर्षांवरचा एक सोबती नेता येतो. पंचाऐंशीच्या पुढचे आणि ४० टक्के दिव्यांग यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ डी द्यावा लागतो.

कुणाला मत दिलं ते कळतं, अशी भीती घालणारे गावोगावी आहेत. बूथचे एकूण आकडे जाहीर होतात, हे खरं. त्यामुळे लहान पोडाचा कल लोक ताडतात. पण रजिस्टरमध्ये फक्त तुमची सही किंवा अंगठा असतो. कोणतं बटन दाबलं ते तिथे लिहीत नाहीत. व्हीव्हीपॅट, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेलं चिठ्ठी छापणारं यंत्र, त्याच्या काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही फक्त तुम्हालाच.

केंद्रात 'तुम्ही स्थलांतरित यादीत आहात' असं सांगितलं, तर घाबरू नका. मूळ यादीत नाव असेल तर केंद्राध्यक्ष ओळख नीट तपासतात, सहीसोबत अंगठाही घेतात आणि मत देऊ देतात. आणि तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल, तर 'प्रदत्त मत' मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते. पण ती पाकिटात वेगळी ठेवतात, मशीनच्या मोजणीत धरत नाहीत. कोर्टाने सांगितलं तरच उघडतात. तेव्हा सकाळी सातलाच रांगेत लागा.