पोटाचं ऑपरेशन, मग खांदा का दुखतो?

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या एक मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, पोटाचं विशेष काही नाही, पण उजवा खांदा रात्रभर ठणकतोय. झोपवताना हात पिरगळला का हो माझा?" उशाशी वेदनाशामक गोळी तशीच पडली होती. "अगदीच सहन झालं नाही तर घेणार होते."

हात कुणी पिरगळला नव्हता. दुर्बीण फिरवायला जागा हवी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा त्याने ताणला जातो, थोडा वायू त्याच्याखाली मागे राहतो. या पडद्याची नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या नसाही तिथूनच. म्हणून दुखतो पडदा, कळ जाणवते खांद्यात. वायू शोषला गेला की दोन-तीन दिवसांत हे बहुतेक ओसरतं.

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा असं पित्ताशय काढलं. जखमा लहान झाल्या, हे खरंच. पण म्हणून दुखतच नाही, हा समज मला रोज खोडावा लागतो.

दुखणं सोसत पडून राहिलं की माणूस उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, चालत नाही. मग छातीत कफ साचतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस गोळी घड्याळ बघून घ्या, कळ यायची वाट बघू नका. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढंच. मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वजन कमी किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं, तेही मोजा. किडनीचा आजार, अल्सर किंवा दमा असेल तर दुसरी वेदनाशामकं मनाने घेऊ नका.

उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या रेट्याने बसा. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरा. मावशींना आम्ही ही उशी दिली आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या खोकल्या.

मात्र पोटदुखी दिवसागणिक वाढत गेली, ताप आला, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, पोट फुगलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयात फोन करा. छातीत दुखून धाप लागली, तर तो खांद्याचा वायू समजून घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.