बेसमेंटमधला रेडॉन : डबी कुठे ठेवायची आणि कशी

(दृश्य : पेनसिल्व्हेनियातलं उपनगर, बर्फ)

डिसेंबर १९८४. लिमरिक अणुवीज केंद्रात वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती, तरी स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते आले की किरणोत्सर्गाचा भोंगा वाजायचा. कारण निघालं त्यांच्या घरात : रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू, सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर (हे हवेतल्या किरणोत्सर्गाचं माप). अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ४ वरच उपाय करायला सांगते.

जमिनीतल्या युरेनियमपासून हा वायू बनतो. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगा, संप पंपाचा (बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) खड्डा, पाइपांभोवतीच्या फटी यांतून तो आत येतो. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि खालून मातीतली हवा ओढली जाते. शेजाऱ्यांचा आकडा कमी आला म्हणून आपण निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतही फरक पडतो.

(दृश्य : कोळशाची डबी, जवळून)

घरातला रेडॉन तपासायची ही सक्रिय कोळशाची डबी : कोळसा रेडॉन शोषतो आणि प्रयोगशाळा तो मोजते. चाचणी अवघड नाही, बिघडते ती आपल्या सवयींनी. सकाळी उठल्याबरोबर खिडक्या उघडायची सवय असेल, तर तेवढे दिवस ती सोडा. डबी उघडण्याच्या १२ तास आधीपासून चाचणी संपेपर्यंत खिडक्या बंद, बाहेरची दारं येण्याजाण्यापुरतीच उघडायची.

वापरात असलेल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर डबी ठेवा. भारतातून आलेले आईबाबा बेसमेंटमध्ये झोपत असतील, तर तिथेच. जमिनीपासून किमान २० इंच वर, खिडकी-दारापासून ३ फूट, बाहेरच्या भिंतीपासून १ फूट लांब. स्वयंपाकघर आणि बाथरूम नको : कोळसा वाफ शोषतो आणि आकडा बिघडतो. पंख्याच्या झोतातही नको.

सुरुवातीची तारीख आणि वेळ पाकिटावर लगेच लिहा. किटवर दिलेले दिवस झाले की डबी घट्ट बंद करून त्याच दिवशी टपालात टाका. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. डबी आठवडाभर टेबलावर पडून राहिली, तर प्रयोगशाळेला मोजायला फारसं काही उरत नाही.

आकडा ४ किंवा जास्त आला, तर दुसरी चाचणी. ८ च्या वर असेल तर ती लगेच, पुन्हा कमी मुदतीचीच, म्हणजे अशाच डबीची. एरवी ९० दिवसांहून जास्त चालणारी अल्फा ट्रॅक चाचणी चांगली, कारण रेडॉन दिवसागणिक वरखाली होतो. २ ते ४ मध्येही उपायाचा विचार करावा.

(दृश्य : फरशीतून छतापर्यंत गेलेला पीव्हीसी पाइप)

नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. फरशीखालची हवा पंख्याने ओढून छपराच्या वर सोडावी लागते. पाइपावरच्या यू आकाराच्या नळीत रंगीत द्रव दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर दिसला, तर पंखा बंद पडलाय असं समजा. पातळीत फरक असला तरी त्यावरून फक्त ओढ कळते, रेडॉन किती ते नाही. म्हणून पंखा बसवल्यावर २४ तास जाऊ द्या आणि महिन्याच्या आत नवी डबी उघडा.