एका केबलच्या भरवशावर

समोर बॉनेट उघडं आहे ते अमेरिकेतल्या एका शेवरोले पिकअपचं, ऐंशीच्या दशकातल्या. कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन बाहेर निघालंय. त्याच्या जागी बसतंय ५.७ लिटरचं एलएस१. जनरल मोटर्सनं १९९७ च्या कॉर्वेटमध्ये आणलेलं हे इंजिन पूर्णपणे कंप्युटरच्या हुकमावर चालतं. गिअरबॉक्स मात्र गाडीचा मूळचाच राहणार आहे. ७००आर४, चार गिअरचा ऑटोमॅटिक, १९८२ पासूनचा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६, म्हणजे इंजिनाच्या ३.०६ फेऱ्यांना बाहेरची एक, त्यामुळे जड गाडीही जागेवरून सहज उठते. चौथ्याचं ०.७०, म्हणून हायवेला इंजिन निवांत फिरतं. इतका गुणी गिअरबॉक्स धडधाकट असताना भंगारात का घालायचा?

जोडणी त्या मानानं सोपी. बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचे, बहुतेक बोल्ट जुळतात. नव्या इंजिनात क्रँकशाफ्टचं, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं टोक सुमारे १० मिलिमीटर आत राहतं, तेवढ्या जाडीचा स्पेसर घालावा लागतो.

खरी मेख पुढे आहे. ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय, हे गिअरबॉक्सला कळणार कसं?

ही बारीक पोलादी तार नीट बघा. हिचं नाव टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. जुन्या इंजिनात ती कार्ब्युरेटरच्या लिव्हरला अडकवलेली असायची, दुसरं टोक थेट गिअरबॉक्सच्या पोटात. गाडीचा वेग गिअरबॉक्सला गव्हर्नरच्या फिरत्या वजनांवरून कळतो. इंजिनाचा जोर कळतो तो या तारेवरून. तार जितकी ओढली जाईल तितका आत तेलाचा दाब वाढतो, क्लचच्या चकत्या घट्ट धरतात आणि गिअर उशिरा बदलतो. पुष्कळ जण हिला नुसती किकडाउनची, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी, केबल समजतात. त्या एका गैरसमजापायी कितीतरी चांगले गिअरबॉक्स जळाले आहेत.

१९९७ च्या कॉर्वेटमध्ये पेडलपासून इंजिनापर्यंत केबलच नाही, सगळा कारभार वायरिंगवर. म्हणून या गाडीसाठी १९९८ च्या कॅमॅरोचा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, घेतलाय. त्याला केबल आहे. पण त्याचा लिव्हर जुन्या कार्ब्युरेटरच्या मापाचा नाही. पूर्ण पाय दाबला की केबल ताठ होते आणि सगळं जमलंय असं वाटतं. रोजची गाडी मात्र अर्ध्या-पाव पायावर चालते! तिथे केबल जरा कमी ओढली गेली, तर दाब अपुरा पडतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच घसरत राहतो, तापतो, जळतो. म्हणून केबल कुठल्या कोनात, लिव्हरच्या मध्यापासून किती अंतरावर धरायची, याचं नेमकं माप साधणारं ब्रॅकेट हवं. या कामात कुठे पैसे वाचवू नयेत असं ठिकाण असेल तर ते हेच.

आता कंप्युटर. मागे सोलेनॉइडवर, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हवर, चालणारा, १९९३ नंतरचा ४एल६०-ई गिअरबॉक्स आहे अशी त्याची समजूत. ते सोलेनॉइड सापडले नाहीत की तो फॉल्ट कोड टाकतो. म्हणून त्याच्या प्रोग्रॅममधून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा भाग काढून टाकावा लागतो. वेगाचे पल्स मात्र त्याला द्यायलाच हवेत. त्यासाठी स्पीडोमीटरच्या केबलच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलावर चालणारा जोड; तो थेट जखडणाऱ्या लॉकअपची वायर ब्रेकच्या स्विचमधून घेतात, म्हणजे ब्रेकवर पाय पडताच लॉक सुटतो आणि इंजिन बंद पडत नाही.

शेवटची तपासणी गाडी रस्त्यावर नेण्याआधी. गिअरबॉक्सच्या बाजूचा प्लग काढून तिथे दाबाचं गेज लावलंय. इंजिन चालू आहे. मेकॅनिक गाडीखाली आडवा होऊन काट्याकडे बघतोय, आणि वर त्याचा सोबती बोटानं केबल हलकेच ओढतोय. एक मिलिमीटर. दोन. काटा हलला.